जुन्या लॅपटॉपचे आयुष्य कोण ठरवणार?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला आणि सुस्थितीतील असंख्य लॅपटॉप एका रात्रीत जुने ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. वाढीव मुदतीची योजना जाहीर झाली खरी, पण ती तात्पुरती मलमपट्टीच. अशा वेळी गूगलच्या ‘क्रोमओएस फ्लेक्स’ या मोफत आणि हलक्या कार्यप्रणालीकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

कल्पना नवी नाही. ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी नव्वदच्या दशकातच हार्ड डिस्कवाचून चालणाऱ्या ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा पुरस्कार केला होता, टेलिफोनच्या तारेवरून रांगत येणाऱ्या इंटरनेटला ते ओझे पेलवले नाही. गूगलने जुलै २००९ मध्ये क्रोमओएसची घोषणा केली आणि २०११ मध्ये क्रोमबुक विक्रीस आले, तोवर ब्रॉडबँड रुळले होते. लिनक्सच्या गाभ्यावर मुख्यतः एक ब्राउझर, आणि कागदपत्रे, छायाचित्रे, पत्रव्यवहार दूरच्या सर्व्हरवर, अशी ही रचना. प्रणालीच्या दोन प्रती यंत्रात असतात. एक वापरात असताना दुसरीवर नवी आवृत्ती चढते आणि यंत्र पुन्हा सुरू करताच अदलाबदल होते. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हेच तंत्र जुन्या यंत्रांवर नेण्याचे काम नेव्हरवेअर ही कंपनी करीत होती. गूगलने २०२० मध्ये ती विकत घेतली आणि २०२२ मध्ये ‘फ्लेक्स’ आणले. त्याला ४ जीबी रॅम पुरते.

प्रश्न आहे तो मालकीचा. क्रोमबुकला सुरक्षा दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील, याची तारीख आधीच ठरलेली असते. आणि ती मुदत ग्राहकाने यंत्र घेतल्या दिवसापासून मोजली जात नाही, तर ते तंत्र बाजारात आल्यापासून! कोविडकाळात अमेरिकेतील शाळांनी क्रोमबुकची घाऊक खरेदी केली आणि पुढे याच तारखांनी त्यांना घेरले. ‘पर्ग’ या ग्राहकहितवादी संस्थेने एप्रिल २०२३ मधील अहवालात म्हटले की, या यंत्रांचे आयुष्य दुप्पट झाले तर करदात्यांचे १८० कोटी डॉलर वाचू शकतील. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने मुदत दहा वर्षांवर नेली. म्हणजे अडचण यंत्राची नव्हतीच, ती धोरणाची होती. फ्लेक्सही त्याला अपवाद नाही. प्रमाणित लॅपटॉपच्या यादीत प्रत्येक मॉडेलपुढे पाठिंबा संपण्याचे वर्ष नोंदलेले असते. त्यातच क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकाच पायावर आणण्याचा मनोदय गूगलने २०२५ मध्ये बोलून दाखवला आहे. उद्या फ्लेक्सचे काय, ही शंका त्यामुळे अनाठायी म्हणता येणार नाही.

मराठी वापरकर्त्याची आणखी एक अडचण आहे. युनिकोडमधील मराठी ब्राउझरमध्ये विनासायास टंकता येते. पण ‘श्रीलिपी’सारखी विंडोजसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर फ्लेक्सवर बसत नाहीत. छपाईची कामे करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. ज्याचे काम ईमेल, बँक आणि व्हिडिओवर भागते, त्याने आधी यादीत आपले मॉडेल आणि त्यापुढचे वर्ष पाहावे, मग पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून वाय-फाय आणि आवाज तपासावा. प्रत्यक्ष बसवताना हार्ड डिस्क पूर्ण पुसली जाते. घरच्या लग्नाची छायाचित्रे त्याआधीच दुसरीकडे उतरवून घ्यावीत.