पळणाऱ्याने वजन उचलावे का?

गेल्या वर्षी भाचीची नडगी दुखायला लागली, आणि त्याचा निम्मा दोष माझा होता.

ताईची ही धाकटी कॉलेजकडून क्रॉसकंट्री पळते. पळायला लागली तेव्हाच तिने विचारले होते, "मामा, जिमला जाऊ का?" मी मोठ्या ऐटीत सांगितले, "पळणाऱ्याने पळावे. वजने उचललीस तर अंग जड होईल." वीस वर्षे कॅम्पातल्या रस्त्यांवर पळणाऱ्या मामाचा शब्द! तिने तो ऐकला. ताईच्या सासूबाईंनाही तो पटला, पण त्यांचे कारण वेगळे होते. "हुडगीगे इदेल्ला याक?" असे म्हणून त्यांनी विषयच संपवला.

डॉक्टरांनी तिला ओट्यावर एका पायावर उभे करून हळूच गुडघा वाकवायला सांगितले. खुबा लगेच एका बाजूला कलला. "दम भरपूर आहे, ताकद नाही," ते म्हणाले. सहा आठवडे पळणे बंद. त्यात विद्यापीठाची निवड चाचणी गेली. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

मग मी जरा अभ्यासाला लागलो. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो, आणि दहा किलोमीटरमध्ये अशी आठ-नऊ हजार पावले पडतात. पोटरी, मांडी, खुबा थकले की हा भार हाडांवर आणि सांध्यांवर जातो. दुसरी गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती. टाचेमागची जाड शीर स्प्रिंगसारखी काम करते, पाऊल टेकताना ताणते आणि उचलताना ती शक्ती परत देते. जड वजनाच्या व्यायामाने ही स्प्रिंग कडक होते, स्नायूंना मेंदूचा हुकूम जोरात पोचतो, आणि त्याच वेगाला प्राणवायू कमी लागतो. म्हणजे दम वाढत नाही, दमाचा खर्च कमी होतो. आपल्या घरखर्चासारखेच. पगार तोच, पण महिनाअखेर चार पैसे उरतात!

१९९९ साली फिनलंडमध्ये चांगल्या धावपटूंवर नऊ आठवडे प्रयोग झाला. एका गटाने पळण्याच्या सरावाचा सुमारे एक तृतीयांश वेळ उड्या, छोट्या धावा आणि झटक्याने वजन उचलणे यांना दिला. प्राणवायू घेण्याची क्षमता वाढली नाही, तरी पाच किलोमीटरची वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. नॉर्वेतल्या २००८ च्या प्रयोगात स्त्रियाही होत्या. खांद्यावर बार घेऊन अर्ध्या बैठका, चार-चारचे चार फेरे, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. वजन इतके की पाचवी बैठक निघू नये. पळण्यातला प्राणवायूचा खर्च ५ टक्क्यांनी उतरला आणि अंगाचे वजन वाढले नाही. माझ्या 'अंग जड होईल'चे उत्तर तिथेच मिळाले.

खरे तर उत्तर शोधायला इतक्या लांब जायची गरज नव्हती. आपल्याकडे तालमीत नाल उचलतात, कानडी मुलखात संग्राणी कल्लु उचलतात, तेही मोजकेच वेळा पण पूर्ण जोर लावून. (तालमीतल्या पाचशे बैठका मात्र वेगळ्या. त्यांनी दम वाढतो, आणि तो पळणाऱ्याकडे असतोच.) १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या हिंदुस्थानच्या छोट्या पथकात धावपटू होते आणि मल्लही होते. त्या धावपटूंत आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. तेव्हा वस्ताद आणि धावपटू एका बोटीने गेले. आपण मात्र नंतर त्यांच्यात भिंत घातली, आणि त्या भिंतीला चार विटा मीही लावल्या.

भाचीने सुरुवात घरच्या पायरीपासून केली. टाचा बाहेर ठेवून एका पायावर वर-खाली, शिवाय एका पायाने खुर्चीवर बसणे-उठणे. दीड महिना वजनाला हातही लावला नाही, नुसती ढब शिकली. मग पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ, आणि त्यानंतर जाणत्या माणसाच्या नजरेखाली बार. आता आठवड्यातून दोन दिवस, जोराच्या पळण्याच्या आदल्या दिवशी कधीच नाही. स्पर्धा जवळ आली की फेरे कमी करते, पण बंद करत नाही. नडगी, गुडघा आधीच दुखत असेल त्याने मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. माझ्यासारख्या मामाला विचारू नये.

यंदाच्या चाचणीत ती पाचवी आली. संघात सहा जणी घेतात.

आता संध्याकाळी ताईच्या पायरीवर आम्ही दोघे असतो, आणि सासूबाई झोपाळ्यावरून "ओंदु, एरडु, मूरु" मोजतात. भाचीचे पंचवीस होतात. माझा डावा पाय अकरालाच थरथरतो, आणि तरीही सासूबाई बारा म्हणतात.