शेतीचा तास, वावराविना

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव देण्याचा संकल्प सोडला. असे संकल्प दिल्लीला नवे नाहीत. १९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत या शाखेकडे वळविण्याचे ठरविले. १९९२ मध्ये मुदत २००० पर्यंत लांबवावी लागली. शेती या विषयाची अडचण तर घटनेपासूनच सुरू होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले, कृषिशिक्षण मात्र शेतीबरोबर राज्यसूचीतच राहिले. परिणामी केंद्रीय मंडळ नववीपासून कृषी विषय देऊ करते, अभ्यासक्रमही आखते; परंतु शाळेला दहा गुंठे जमीन आणि पाणी कोणी पुरवायचे, याचे उत्तर शिक्षण खाते देत नाही आणि कृषी खाते शाळेला आपला प्रांत मानीत नाही. मग उरतो फळा, खडू आणि कलमाची आकृती! समग्र शिक्षा योजनेतून व्यवसाय प्रशिक्षकांना मानधन मिळते खरे, पण अनेक राज्यांत ही नेमणूक कंत्राटी असते. आंब्याचे कलम चांगले फळाला येण्यास चार-पाच वर्षे लागतात. ते बांधायला शिकविणाऱ्याची नेमणूक तितकी तरी टिकावी, एवढी तरतूद पुढील अंदाजपत्रकात अर्थमंत्रालयाला करता येण्यासारखी आहे.