आयसीयूच्या दाराशी कोणी बोलायचे?

भिवंडीत रात्री-अपरात्री कुणाला धाप लागली किंवा छातीत कळ आली की घरच्यांपुढे पहिला प्रश्न असतो, न्यायचे कुठे? शहरात सोय झाली नाही तर रुग्णवाहिका अंजूरफाटा किंवा माणकोलीच्या वाहतुकीतून वाट काढत ठाणे, कळवा, नाहीतर थेट मुंबई गाठते. मग अतिदक्षता विभागाचे दार बंद होते. आपला माणूस आत, आपण बाहेर. घरी आजाऱ्याचे पाय चेपता येतात, घोटभर पाणी पाजता येते. इथे हाताला काम उरत नाही. उरते ते बोलणे आणि निर्णय घेणे.

नेमके इथेच आपल्या घरांत गोंधळ होतो. एका वाचक भगिनीने कळवलेला अनुभव पाहा. वडील व्हेंटिलेटरवर होते. मोठा भाऊ यंत्रमागाची पाळी टाकून आलेला, धाकटा सौदीहून फोनवर, जावयांच्या ओळखीचे एक डॉक्टर. तिघांनी तीन वेळा विचारले आणि तिघांनी तीन अर्थ काढले. अब्बांच्या गोळ्या सहा वर्षे जिने वेळेवर दिल्या, कोणत्या औषधाने त्यांच्या अंगावर पुरळ उठते हे जिला पाठ होते, ती लेक बाकावर बसून होती. तिला कुणी विचारलेच नाही. चौथ्या दिवशी एका परिचारिकेने बाहेर येऊन विचारले, "घरी यांचे कोण करते?" तेव्हा तिला आत बोलावणे आले.

सेवा करणाऱ्याच्या शब्दाला किती वजन असते, हे आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात दिसले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. पुढची सुमारे 42 वर्षे तिथल्या परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. त्यांचे अन्न थांबवावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने ती फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेचा नाही, तर इतकी वर्षे सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने सांगितले. आणि त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. मे 2015 मध्ये न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले.

आपल्या घरांत ही सेवा बहुधा पत्नी, लेक किंवा सून करते. मग निर्णयाच्या वेळी ती मागे का? इस्लामने आपसातले व्यवहार मशवऱ्याने करायला शिकवले आहे. ज्याला सर्वांत जास्त माहिती आहे त्याला वगळून केलेला मशवरा कसला?

सर्वांत अवघड प्रश्न यंत्राचा असतो. "काढायला सांगितले तर आपणच मारले असे होईल का?" या भीतीने घरेच्या घरे झुरतात. ज्याच्या बरे होण्याची आशा आहे, त्याचे उपचार चालूच राहतात. पण मेंदूचे सर्व कार्य कायमचे थांबले आहे, असा निर्वाळा तज्ज्ञ डॉक्टरांनी दिला, तर यंत्रे काढता येतात, असा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ऑक्टोबर 1986 मध्ये अम्मान येथे केला आहे. म्हणून आधी डॉक्टरांकडून रुग्णाची नेमकी स्थिती लिहून घ्या आणि तो कागद घेऊन मुफ्तीसाहेबांकडे जा. ऐकीव माहितीवर मसला विचारू नका.

कायद्यानेही एक वाट दिली आहे. बरे होण्याची आशा संपली तर कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये याला मान्यता दिली. 2023 मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

रोजच्या धावपळीसाठी काही गोष्टी ठरवून घ्या. डॉक्टरांशी बोलायला एकच माणूस नेमा आणि सेवा करणारी व्यक्ती त्याच्यासोबत असू द्या. एका वहीत तारीख घालून लिहा: आज काय बदलले, आता कशाची वाट पाहायची, उद्या काय करणार. जुने कागद, चालू गोळ्या, कोणते औषध सोसत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. आयसीयूत अनेक रुग्णांना भ्रम होतो, दिवस-रात्र कळत नाही. डॉक्टरांना विचारून त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र आत द्या. हात धुऊन जवळ जा, नाव घेऊन बोला, आज कोणता वार आहे ते सांगा.

आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे. पण आयसीयूबाहेर वीस जणांनी गर्दी केल्याने तो अदा होत नाही. 2020 च्या कोरोनात शांतीनगरच्या मक्का मशिदीत मोफत ऑक्सिजनची सोय झाली होती, आणि तीही सर्व धर्मीयांसाठी. तीच समज इथे हवी. कुणी रात्री बसावे म्हणजे लेकीला दोन तास झोप मिळेल. कुणी डबा आणावा, कुणी महात्मा फुले योजनेच्या कागदांसाठी रांगेत उभे राहावे. कुणी घरी थांबलेल्या मुलांना शाळेत सोडावे.

आणि अम्मी-अब्बा धडधाकट असताना, एखाद्या जुम्म्याच्या दुपारी जेवण झाल्यावर, त्यांनाच विचारा, "अशी वेळ आली तर तुमच्या वतीने कोणी बोलावे?" सगळ्या भावंडांसमोर विचारा. त्यांनी घेतलेले नाव सगळ्यांनी ऐकलेले असले, म्हणजे त्या दाराशी भांडण होणार नाही.