पेरीपॅटस कुणाचाच दुवा नाही

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आठवा, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. त्यात ‘जोडणारे दुवे’ येतात. पेरीपॅटस म्हणे वलयी आणि संधिपाद प्राण्यांमधला दुवा. म्हणजे एका बाजूला गांडूळ, दुसऱ्या बाजूला झुरळ आणि मध्ये हा मखमली कातडीचा, आखूड पायांचा किडा. तुम्ही हे पाठ केलंत, पेपरात लिहिलंत, मार्क घेतलेत. पण ते चूक आहे. कालपरवा चूक ठरलेलं नाही, त्याच्या पायाखालची जमीन 1997 पासून सरकलेली आहे.

त्या वर्षी ‘नेचर’मध्ये प्राण्यांच्या जनुकांची तुलना छापून आली आणि जुनी वंशावळ मोडली. झुरळ, खेकडा, पेरीपॅटस, इतकंच काय, गोलकृमीसुद्धा एका कुळात आले : कात टाकून वाढणारे. गांडूळ कात टाकत नाही. ते गेलं शंख-शिंपल्यांच्या बाजूला. म्हणजे कळंबच्या उसातलं गांडूळ बांधावरच्या गोगलगायीला जितकं जवळचं, तितकं घरातल्या झुरळाला नाही. गांडूळ आणि झुरळ दोघांचंही अंग खंडाखंडांचं दिसतं, एवढ्यावर आपण त्यांची सोयरीक जुळवून मोकळे झालो होतो. पेरीपॅटस मधला नाहीच. तो झुरळाच्या बाजूचा, पण फार जुन्या फाट्यावर वेगळा झालेला.

हा फाटा किती जुना, ते दगड सांगतात. आपले दगड नाहीत. नीरा-भीमेकाठचा काळा पाषाण साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि तोपर्यंत प्राण्यांची बहुतेक मोठी कुळं कधीच स्थिरावली होती. त्यासाठी कॅनडातल्या बर्जेस शेलकडे जावं लागतं. चार्ल्स वॉलकॉट यांना 1909 मध्ये सापडलेला हा खजिना सुमारे 50.8 कोटी वर्षांचा. (याच धड्यातलं कार्बन वयमापन इथे कामाचं नाही. त्याची धाव पन्नास हजार वर्षांच्या आसपास संपते. इतक्या जुन्या काळासाठी ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉनचे स्फटिक शोधतात आणि त्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालं ते मोजतात.)

बर्जेस शेलमध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा एक विचित्र प्राणी आहे, हॅलुसिजेनिया. 1977 मध्ये सायमन कॉनवे मॉरिस यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा तो कडक काट्यांवर चालतो आणि त्याच्या पाठीवर मऊ सोंडा वळवळतात, असं चित्र उभं राहिलं. पुढे चीनमधल्या चेंगजियांगच्या त्याहून जुन्या खडकांत त्याचे नातलग मिळाले. 1991 मध्ये रामस्कोल्ड आणि हौ शियानग्वांग यांनी हॅलुसिजेनियाला उलटा केला : सोंडा म्हणजे पाय, काटे पाठीवर. 2014 मध्ये त्याच्या नख्यांचा आतला भाग पाहिला, तर एकात एक बसवलेले थर निघाले, आजच्या पेरीपॅटसच्या कुळात दिसतात तसेच. 2015 मध्ये खरं डोकं सापडलं. तोवर ज्याला डोकं समजत होते, तो मेल्यावर अंगातून बाहेर आलेल्या द्रवाचा डाग होता.

एवढी सुरस गोष्ट आपल्या मुलांच्या वाट्याला येत नाही. त्यांना मिळते एका ओळीची व्याख्या, आणि तीही चुकीची.

माझा राग निव्वळ एका किड्यासाठी नाही. ‘दुवा’ हा शब्दच घात करतो. पेरीपॅटस आज जिवंत आहे, म्हणजे त्यालाही बदलायला झुरळाइतकीच वर्षं मिळालीत. प्लॅटिपसचंही तेच. चुलतभावाला आजोबा म्हणून वंशावळीत बसवलं की वंशावळीची शिडी होते : खाली गांडूळ, मध्ये पेरीपॅटस, वर झुरळ. खाली माकड, वर माणूस.

आणि मग जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणतात, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, डार्विन चूक आहे, अभ्यासक्रम बदला. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी मिळून निषेध केला, बरं झालं. पण त्यांचं वाक्य लोकांना पटतं का? कारण लोकांच्या डोक्यात तीच शिडी आहे आणि ती शाळेतूनच आलेली आहे. आजचं माकड आपला पूर्वज नाही, आपला आणि त्याचा पूर्वज एक, हे दहावीपर्यंत मनात बसलं असतं तर सभेत हशा पिकला असता. 2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीतून उत्क्रांती काढूनच टाकली. राज्य मंडळाने ठेवली, म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. ठेवली खरी, पण कशी ते कोण पाहणार?

“एवढं खोलात कशाला, पुढे शिकतील की,” असं शिक्षक सांगतात. कुठे पुढे? कळंबसारख्या गावात दहावीनंतर कुणी आयटीआयला जातं, कुणी कॉमर्सला, कुणी घरच्या उसात. त्यांच्यासाठी हाच जीवशास्त्राचा शेवटचा धडा. शेजारच्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग बनतात. तिथे कुणी तीस वर्षांपूर्वी रद्द झालेलं ड्रॉइंग मशीनवर लावलं आणि म्हणालं, “राहू द्या, पुढे दुरुस्त करतील,” तर चालेल? मग मुलांच्या डोक्यासाठी चालतं कसं? शिवाय आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. पेरीपॅटस शोधला की दोन मिनिटांत पुस्तक खोटं पडतं, आणि चिडलेलं पोर पेरीपॅटसबरोबर उत्क्रांतीही खोटी धरतं. ते कुठल्या व्हिडिओकडे वळेल, ते तुम्हाला माहीत आहे.

राज्याचे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलताहेत, दहावीची पाळीही येईल. तेव्हा दुव्यांचा तो परिच्छेद सरळ काढा. त्या जागी हॅलुसिजेनियाची दोन चित्रं छापा, 1977 चं आणि 1991 नंतरचं. खाली प्रश्न : यातलं कोणतं उलटं आहे आणि ते कशावरून कळलं? चार मार्क.