यंदा जाळी घरात नकोत, शेडमध्ये द्या



१ जूनपासून ६१ दिवस मासेमारी बंद. होड्या वर येतील, इंजिने झाकली जातील, आणि जाळी दरवर्षीप्रमाणे घरात. पूर्वी किनाऱ्यावर चुडतांच्या खोपी होत्या, त्यात सगळे मावायचे. आता त्या जागी काय उभे आहे ते तुम्ही रोज बघता. तो विषय आज नको.

गेल्या पावसात आपल्या एका सभासदाच्या सात वर्षांच्या मुलीला रात्री दोन वाजता पिकअपमध्ये घालून इस्पितळात न्यावे लागले. दम इतका लागला होता की तोंडातून शब्द फुटत नव्हता. बरी होऊन आली आणि परत त्याच खोलीत झोपू लागली. कोपऱ्यात छपराला टेकलेली जाळी, बाजूला पुरुमेंताच्या सुक्या बांगड्यांची पोती. आम्ही भेटायला गेलो तर पाच मिनिटांत आमच्याच शिंका थांबेनात.

"पावसाचा खोकला आहे, चतुर्थीपर्यंत जाईल" असे आपण म्हणतो. पण हा खोकला पावसाचा कमी आणि घरातला जास्त. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत ८० टक्क्यांवर दमटपणा असतो. ५० टक्क्यांच्या वर गेला की गादी-उशीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे वाढू लागतात. आपल्या अंगाची सुटलेली कातडी हे त्यांचे खाणे, आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळे. ओल्या जाळ्याला आणि भिंतीला बुरशी येते, पोत्यामागे झुरळे होतात. तिन्ही एकाच खोलीत, आणि मूल तिथेच झोपते.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. सुंगटे आणि कुर्ल्यांमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते. त्याच जातीचे प्रथिन धुळीतल्या किड्यांत आणि झुरळांतही असते. म्हणून काही जणांना दोन्ही बाधतात. शिजवून ते जात नाही, उलट सुंगटे उकळताना वाफेबरोबर हवेत येते. ज्याला सुंगटे बाधतात त्याला सोलायला बसवू नका, आणि रांधताना चुलीजवळ थांबवू नका. पण मूल खोकते म्हणून अंदाजाने मासळीच बंद करणे हेही चूक. बांगड्याचे प्रथिन वेगळे, सुंगटाचे वेगळे. डॉक्टरांकडून तपासून घ्या, मग ठरवा. आणि पंप दिला असेल तर "सवय लागेल" म्हणून मध्येच सोडू नका. त्या मुलीचा पंप घरात कपाटावर होता, वापरात नव्हता.

करायचे ते फार खर्चाचे नाही. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा चांगल्या कडक पाण्यात धुवा, ६० अंशांच्या पाण्यात हे किडे मरतात. सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात, झोपायच्या खोलीबाहेर. बुरशीवर नुसता रंग मारू नका, आधी गळती बंद करा. मांजराला मासळीवाल्याच्या घरातून कोण काढणार? निदान अंथरुणावर घेऊ नका.

आता जाळ्यांचे. शेडमध्ये का ठेवत नाही, असे विचारले की लोक दोन कारणे सांगतात : चोरी आणि उंदीर. दोन्ही खरी आहेत. एका जाळ्यात किती पैसे अडकलेले असतात ते आम्हालाही माहीत आहे. आणि तिसरे कारण कोणी तोंडावर बोलत नाही, ते आम्हीच सांगतो : शेड आपल्या सोसायटीच्या मोडक्या बर्फपेट्यांनी आणि भंगाराने भरलेली आहे. दोन वर्षे काढतो-काढतो म्हणून काढली नाही. ही चूक समितीची.

यंदा भंगार विकून टाकतो. आलेल्या पैशांतून दाराला नवे कुलूप आणि जाळी जमिनीपासून उंच टांगायला बांबू. चावी दोघांकडे राहील, एक समितीचा आणि एक तुम्ही निवडलेला. प्रत्येक जाळ्याची नोंद वहीत, सहीसकट. भाडे नाही. आधी जागा ज्यांच्या घरात लहान मुले किंवा दम्याचे माणूस आहे त्यांना, बाकीच्यांनी यावरून भांडू नये.

रविवारी सकाळी आठ वाजता सफाई. जाळी गोड्या पाण्याने धुऊन, कडक वाळवूनच आणा, ओली घेणार नाही. येताना तोंडाला फडके बांधा, आत धूळ भरपूर आहे.

– सचिव, समितीच्या वतीने