पावसाळ्यातला प्रवास आणि आपला मोबाईल

शिक्षक मित्रांनो, पालकहो, पावसाळ्यात दुचाकीवरून घाट ओलांडून कामावर जाता ना? मग नवा मोबाईल घेताना आधी कॅमेरा बघू नका. दिवसभर पुरणारी बॅटरी, उन्हातही नीट दिसणारा स्क्रीन आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घालायची सोय, एवढं बघा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप २० ते ४० किलोमीटर परिसरातल्या विजांची सूचना देते. मात्र त्यासाठी लोकेशन आणि इंटरनेट चालू हवे. घाटात रेंज जाते, म्हणून हवामान विभागाचा इशारा घरून निघतानाच पाहा. लाल इशारा असेल तर आधी मुख्याध्यापकांना फोन करा. उशीर झाला तरी चालेल, पण ओढ्याच्या पाण्यात गाडी घालू नका. मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात.