कार्तिकीच्या वाटेवरचा अंधार

31 ऑक्टोबर 2022 च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ एक भरधाव मोटार मागून दिंडीत घुसली आणि करवीर तालुक्यातल्या जठारवाडीहून पंढरपूरला पायी निघालेले सात वारकरी गेले. त्या दिवसांत सोलापूर जिल्ह्यात सहाच्या आतच दिवस मावळतो, आणि चालकांचा वेग मात्र दुपारचाच राहतो. ताशी 80 किलोमीटरने गाडी सेकंदाला 22 मीटर धावते. पुढचा माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीसेक मीटर सरतात, कोरड्या डांबरावर थांबायला आणखी तेवढे तरी लागतात. डिपरचा उजेड बहुतेक वेळा इतका लांब पोचतच नाही. वेग 50 वर आणला, तर हेच अंतर जवळजवळ निम्मे होते. त्यात कार्तिकीच्या सुमारासच उसाचा हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात, आणि कित्येकांच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अशी ट्रॉली कारखान्यांनी वजनकाट्यावर घेऊच नये. याहून स्वस्त उपाय दुसरा नाही. दिंडीतल्या शेवटच्या माणसाच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचे जाकीट हवे. चालकाला डुलकी येऊ लागली, तर चहावर भागवू नये, गाडी धाब्यावर लावून वीस मिनिटे झोपावे. आणि अपघात दिसलाच, तर 108 लावायला कचरू नये : 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा मदत करणाऱ्याला संरक्षण देतो, त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती नाही.